मुक्काम कुठे करावा : फ्लॉरेन्स की बोलोन्या?

एका शहरात बिऱ्हाड थाटायचे, रोज सकाळी आसपासच्या एखाद्या गावाला जायचे आणि रात्री त्याच खोलीत परतायचे, हा प्रवासाचा प्रकार मला फार प्रिय आहे. सामान दररोज बांधावे लागत नाही, खोलीची सवय होते, आणि मुख्य म्हणजे एका प्रदेशाचा स्वभाव हळूहळू उलगडत जातो. इटलीच्या उत्तर-मध्य भागात असा आठवडा घालवायचे ठरवले, की मुक्कामाचा प्रश्न बहुधा फ्लॉरेन्स आणि बोलोन्या या दोन नावांपाशी येऊन ठेपतो. दोन्ही शहरे मी अशा मुक्कामासाठी वापरलेली आहेत, दोन्हींवर माझे प्रेम आहे आणि तरीही या प्रश्नाचे माझे उत्तर आता पक्के झालेले आहे. ते उत्तर केवळ आवडीनिवडीतून आलेले नसून दोन्हीकडच्या जमिनीच्या ठेवणीतून आलेले आहे, म्हणून ते सविस्तर मांडावेसे वाटते.

मुक्कामाचे शहर निवडताना लोक साधारणपणे नकाशावर त्या शहराभोवती एक वर्तुळ कल्पितात आणि त्यात किती प्रेक्षणीय स्थळे येतात ते मोजतात. या हिशेबात फ्लॉरेन्स सहज जिंकते, कारण सिएना, पिसा, लुक्का, आरेझ्झो, सान जिमिन्यानो, कोर्तोना ही सगळी नावे त्या वर्तुळात असतात आणि ती ऐकूनच मन हरखते. परंतु वर्तुळातले अंतर हे पक्ष्याचे अंतर असते. प्रवाशाला स्टेशन गाठावे लागते, फलाट शोधावा लागतो, गाडी बदलावी लागते, उतरल्यावर गावात पोहोचावे लागते, आणि हे सारे संध्याकाळी दमलेल्या पायांनी उलट क्रमाने करावे लागते. त्यामुळे मुक्कामाची खरी कसोटी सकाळच्या पहिल्या तासात आणि संध्याकाळच्या शेवटच्या तासात लागते, असे माझे मत आहे.

फ्लॉरेन्स ज्या प्रदेशात आहे त्या टस्कनीची जुनी गावे डोंगरमाथ्यावर वसलेली आहेत. मध्ययुगात संरक्षणासाठी ते योग्यच होते, पण एकोणिसाव्या शतकात आलेली रेल्वे स्वाभाविकपणे नदीच्या खोऱ्यांतून गेली, आणि तेव्हापासून गाव वर व स्टेशन खाली अशी ताटातूट कायमची झाली. सिएनाचेच पाहा. फ्लॉरेन्सहून निघालेली गाडी आर्नो नदीच्या काठाकाठाने एम्पोलीपर्यंत जाते, तिथून दक्षिणेकडचा फाटा धरते आणि पोज्जीबोन्सीमार्गे साधारण दीड तासाने सिएनाला पोहोचते. पण हे स्टेशन दरीत आहे. तिथून एकामागून एक असे सरकते जिने चढत उत्तरेकडच्या वेशीपाशी यायचे आणि मग जुन्या गावातून बराच वेळ चालत मुख्य चौक गाठायचा, असा हा क्रम आहे. याउलट फ्लॉरेन्सच्या मुख्य स्टेशनाशेजारून सुटणारी जलद बस सव्वा तासाच्या आसपास थेट माथ्यावरच्या गावाच्या कडेला आणून सोडते. म्हणून सिएनाला जाणाऱ्याने रेल्वेचा मोह सोडून बसच धरावी. मात्र बसचे वेळापत्रक कामाच्या दिवशी वेगळे आणि रविवारी व सुटीच्या दिवशी वेगळे असते. इटलीत शनिवार कामाच्या दिवसांत मोडतो, रविवारी मात्र फेऱ्या स्पष्टपणे रोडावतात. वेळापत्रकाचा कोणता स्तंभ आपल्याला लागू आहे, हे आदल्या रात्रीच पाहून ठेवावे.

सिएनाबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण फ्लॉरेन्सच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत मोठा दाखला तेच असते. तिथल्या नगरसभेच्या इमारतीत, नऊ जणांच्या शासनमंडळाच्या दालनात, आंब्रोजो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचे परिणाम दाखवणारी भित्तिचित्रे रंगवली. चांगल्या कारभाराच्या भिंतीवर डावीकडे शहर आहे, उजवीकडे शेतशिवार आहे आणि मधोमध वेस आहे. त्या वेशीतून काही जण घोड्यांवर बसून शिकारीला बाहेर पडत आहेत, तर शेतकरी माल लादलेली जनावरे हाकत शहराकडे येत आहेत. वेशीवर तरंगणारी सुरक्षिततेची आकृती एका हातात फाशीचा खांब धरून, इथे प्रत्येकाने निर्भयपणे ये-जा करावी, असे सांगते. सकाळी शहरातून बाहेर पडावे आणि दिवस मावळताना सुखरूप परत यावे, ही गोष्ट सुराज्याची खूण म्हणून रंगवलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. या एका भिंतीसमोर मला पुष्कळ वेळ लागतो. त्यानंतर मुख्य चर्च राहते. त्याच्या प्रचंड विस्ताराचे काम १३३९ मध्ये सुरू झाले आणि १३४८ च्या प्लेगनंतर ते कायमचे अर्धवट राहिले. त्या विस्ताराची उघड्या आभाळाखाली उभी असलेली भिंत पाहायला वर चढावे लागते. मग उतरत्या विटांचा तो शिंपल्याच्या आकाराचा चौक येतो, जिथे नुसते बसून राहावेसे वाटते. आणि नेमके तिथे बसल्यावर परतीच्या बसची वेळ होते.

माझा आक्षेप इथेच आहे. सिएना हे एका दिवसात उरकण्याचे गाव नाही; तिथे रात्र काढलीच पाहिजे. सान जिमिन्यानोची स्थितीही तशीच आहे, फक्त कारण वेगळे आहे. पोज्जीबोन्सीला उतरून पुन्हा बस पकडून तिथे जावे लागते. एके काळच्या बहात्तर मनोऱ्यांपैकी आज चौदा उभे असलेले ते लहानसे गाव दुपारी माणसांनी इतके भरून जाते, की मनोऱ्यांकडे मान वर करून पाहण्यासाठीही थांबता येत नाही. दिवसाच्या सहलींनी आलेली माणसे परतल्यावर ते गाव मोकळे होते, आणि तेव्हा आपणही परतलेलोच असतो. म्हणजे फ्लॉरेन्सच्या वर्तुळातली दोन सर्वांत मोहक नावे ही प्रत्यक्षात दिवसाच्या सहलीला सर्वांत कमी मानवणारी आहेत.

पश्चिमेकडची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिथे फ्लॉरेन्सला पूर्ण गुण द्यायला हवेत. पिसा आणि लुक्का ही दोन गावे सपाटीवर आहेत, एकमेकांपासून रेल्वेने अर्ध्या तासावर आहेत, आणि फ्लॉरेन्सहून दोन वेगवेगळ्या मार्गांनी जोडलेली आहेत. त्यामुळे एका मार्गाने जाऊन दुसऱ्याने परतणारा सुरेख त्रिकोण आखता येतो. सकाळी पिस्तोइयामार्गे लुक्काला जावे, शहराभोवतीच्या सुमारे चार किलोमीटर लांबीच्या रुंद तटावरून झाडांच्या सावलीत पूर्ण प्रदक्षिणा घालावी आणि दुपारी पिसाकडे निघावे. लुक्काकडून येताना पिसाच्या मुख्य स्टेशनापर्यंत न जाता सान रोस्सोरे या छोट्या स्टेशनावर उतरले, की कलता मनोरा चालत थोड्याच अंतरावर लागतो. या मनोऱ्याचे बांधकाम ११७३ मध्ये सुरू झाले. १९९० मध्ये तो बंद करून त्याच्या पायाखालची माती उचललेल्या बाजूने अत्यंत सावकाश काढत त्याचा कल कमी करण्यात आला आणि २००१ मध्ये तो पुन्हा खुला झाला. लोक तिथे छायाचित्रांत हात टेकवून निघून जातात याचे मला वाईट वाटते, कारण शेजारच्या बाप्तिस्मागृहात निकोला पिसानोने १२६० मध्ये पूर्ण केलेले प्रवचनाचे संगमरवरी व्यासपीठ आहे, आणि पुढे फुललेल्या साऱ्या इटालियन शिल्पकलेची पहाट त्यात दिसते. आरेझ्झोचाही उल्लेख करायला हवा. फ्लॉरेन्स-रोम मार्गावरचे हे गाव स्टेशनापासून हलक्या चढाने वर जाते, आणि तिथल्या सान फ्रांचेस्को चर्चमधली पिएरो देल्ला फ्रांचेस्काची भित्तिचित्रे एका दिवसाचे सार्थक करण्यास पुरेशी आहेत.

आता अपेनाइन पर्वताच्या पलीकडे, बोलोन्याच्या बाजूला जाऊ. इ. स. पूर्व १८७ मध्ये मार्कुस एमिलियुस लेपिदुस या रोमन कॉन्सुलने रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंत पो नदीच्या मैदानाच्या दक्षिण कडेने एक जवळजवळ सरळ रस्ता बांधला. मोदेना आणि पार्मा या दोन्ही वसाहती त्यानंतर चारच वर्षांनी, इ. स. पूर्व १८३ मध्ये वसल्या. रिमिनी, चेझेना, फोर्ली, फाएन्झा, इमोला, बोलोन्या, मोदेना, रेज्जो, पार्मा, पिआचेन्झा ही शहरे आजही त्याच रेषेवर एकापुढे एक उभी आहेत, आणि पुढे जेव्हा रेल्वे आली तेव्हा तिनेही हाच मार्ग पकडला. पर्वत संपून मैदान सुरू होते त्या कडेवर हा रस्ता असल्यामुळे रूळ टाकायला चढ नव्हता, आणि शहरे सपाटीवर असल्यामुळे स्टेशने त्यांच्या जुन्या तटांना लागूनच झाली. बोलोन्या या रेषेच्या मध्याजवळ आहे, आणि शिवाय याच ठिकाणी व्हेनिस, व्हेरोना व फ्लॉरेन्सकडचे मार्ग येऊन मिळतात. मुक्कामासाठी बोलोन्या सोयीचे आहे याचे श्रेय आजच्या कोणत्याही पर्यटन खात्याला नाही. ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आखणीला आहे.

याचा परिणाम प्रत्यक्ष दिवसावर कसा होतो, ते पाहावे. बोलोन्याहून साध्या प्रादेशिक गाडीने मोदेना अर्ध्या तासाच्या आत येते आणि पार्मा साधारण एका तासात. दोन्ही एकाच मार्गावर असल्यामुळे सकाळ एका शहराला आणि दुपार दुसऱ्याला देता येते. मोदेनाच्या चर्चचे काम १०९९ मध्ये सुरू झाले. लान्फ्रांको हा त्याचा वास्तुकार होता, तर दर्शनी भिंतीवर आदम आणि हव्वेची कथा कोरणारा शिल्पकार विलिजेल्मो होता, आणि या दोघांची नावे त्या इमारतीवरच्या शिलालेखांतून आपल्यापर्यंत पोहोचलेली आहेत. त्या काळात कारागिरांची नावे इतक्या अभिमानाने क्वचितच नोंदली जात, म्हणून त्या शिलालेखांपुढे मी आदराने थांबतो. पार्मात आंतेलामीचे गुलाबी संगमरवराचे अष्टकोनी बाप्तिस्मागृह आणि शेजारच्या चर्चच्या घुमटात कोर्रेज्जोने रंगवलेले स्वर्गारोहण, एवढ्यासाठीच दुपार कारणी लागते.

प्रादेशिक गाड्यांचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. त्यांना आसनाचे आरक्षण नसते आणि तिकिटाचा दर अंतरावर ठरलेला असतो, त्यामुळे तो आधी काढा वा ऐनवेळी काढा, सारखाच राहतो. सकाळी खिडकी उघडल्यावर पाऊस दिसला तर उघड्यावरचे फेरारा सोडून छताखालचे पार्मा निवडता येते, आणि एखाद्या संग्रहालयात मन रमले तर पुढची गाडी आपोआप आपली होते. वेगवान गाडीचे तिकीट मात्र बहुतेक वेळा त्या विशिष्ट गाडीशी बांधलेले असते. ज्याला घड्याळाच्या धाकाशिवाय भटकायचे आहे, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही. कागदी तिकीट घेतले असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घेणे तेवढे विसरू नये.

बोलोन्याचे स्टेशन मोठे आहे आणि ते पहिल्या दिवशी समजून घ्यावे लागते. वेगवान गाड्यांचे १६ ते १९ क्रमांकाचे फलाट जमिनीखाली खोल आहेत, म्हणून तिथे पोहोचण्यास दहा मिनिटे जास्तीची धरावीत. काही प्रादेशिक गाड्या पूर्व आणि पश्चिम टोकांच्या वेगळ्या, आखूड फलाटांवरून सुटतात. फलकावर क्रमांकाच्या पुढे दिशा लिहिलेली असते ती वाचली नाही, तर गाडी डोळ्यांदेखत निघून जाऊ शकते. याच स्टेशनाच्या प्रतीक्षागृहात २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी झालेल्या बॉम्बस्फोटात ८५ माणसे मारली गेली. बाहेरच्या भिंतीवरचे एक घड्याळ त्या क्षणावर, दहा वाजून पंचवीस मिनिटांवर थांबवून ठेवले आहे, आणि पुन्हा बांधलेल्या प्रतीक्षागृहाच्या भिंतीत स्फोटाची भेग राखली आहे. त्या दिवशी तिथे थांबलेली माणसेही आपल्यासारखीच ऑगस्टमध्ये सहलीला निघालेली होती. या स्टेशनातून रोज ये-जा करणाऱ्याने ती नावांची शिळा एकदा तरी वाचावी, असे मला मनापासून वाटते.

बोलोन्याच्या बाजूने मी एकच नाव पुढे करायचे ठरवले, तर ते रावेन्नाचे असेल. प्रादेशिक गाडीने सव्वा तासाच्या आसपास तिथे पोहोचता येते आणि स्टेशनापासून सान व्हिताले चर्चपर्यंत पंधराएक मिनिटे सपाट वाटेने चालावे लागते. इ. स. ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे आली, पुढे गॉथ राजा थिओडोरिक याने इथून राज्य केले आणि नंतर हे शहर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन सम्राटांच्या हाती गेले. या तीन राजवटींच्या, काचेचे तुकडे जडवून केलेल्या भित्तिचित्रांनी (मोझेइकने) मढलेल्या इमारती, दीड हजार वर्षे उलटून गेल्यावरही, चालत फिरता येईल इतक्या अंतरात उभ्या आहेत. गाल्ला प्लाचिदियाची समाधी बाहेरून विटांची एक साधी, बुटकी इमारत वाटते. आत शिरल्यावर प्रथम काहीच दिसत नाही, कारण खिडक्यांना अलाबास्टर दगडाच्या पातळ चकत्या बसवलेल्या आहेत आणि त्यांतून मंद पिवळसर उजेड झिरपतो. मग डोळे सरावतात आणि गडद निळ्या घुमटातले सोनेरी तारे एकेक करून उजळू लागतात. गर्दीच्या काळात थोड्याच मिनिटांसाठी आत सोडतात, म्हणून शिरल्याबरोबर कॅमेरा काढण्याऐवजी पहिली दोन मिनिटे नुसते उभे राहावे. शेजारच्या सान व्हितालेत, ज्याचे लोकार्पण ५४७ मध्ये झाले, सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या परिवारासह समोरासमोरच्या भिंतींवर उभे आहेत. ही दोघे स्वतः रावेन्नाला कधीच आली नव्हती, हे लक्षात घेतले की सत्तेला आपली प्रतिमा दूरवर पाठवण्याची गरज का भासते ते कळते.

रावेन्ना दिवसाच्या सहलीला इतके साजते, त्याचे कारण उजेड हे आहे. काचेचे हे तुकडे किंचित वेगवेगळ्या कोनांत बसवलेले असल्यामुळे खिडकीतून येणारा प्रकाश सरकला की भिंत बदलते. सकाळी पाहिलेले सांत आपोलिनारे नुओव्हो चर्चमधले कुमारिकांचे संचलन दुपारी वेगळे भासते. म्हणजे या गावाची खरी संपत्ती दिवसाच उघडते आणि रात्री तिथे राहिले नाही तर फारसे काही हुकत नाही. सिएनाच्या हे नेमके उलट आहे. जाता जाता दांतेची समाधी पाहावी. फ्लॉरेन्सने हद्दपार केलेला हा कवी १३२१ मध्ये रावेन्नात वारला आणि त्याच्या अस्थी इथेच राहिल्या. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकात त्याचे भव्य समाधिस्मारक उभारले गेले, पण ते रिकामेच आहे.

फेरारा आणि पादुआ यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. फेरारा अर्ध्या-पाऊण तासावर आहे. खंदकातला एस्ते घराण्याचा किल्ला, पंधराव्या शतकाच्या अखेरीस आखलेले रुंद, सरळ रस्ते आणि सुमारे नऊ किलोमीटरांचा तट यांसाठी सायकल भाड्याने घ्यावी. पादुआत जॉत्तोने रंगवलेले स्क्रोवेन्यी प्रार्थनागृह आहे. तिथे आधी वेळ राखून ठेवावी लागते आणि आतली हवा बिघडू नये म्हणून लहान गटाला काही मिनिटे बाहेरच्या काचेच्या खोलीत थांबवून मगच आत नेतात. तेव्हा मिळालेल्या वेळेभोवतीच तो सारा दिवस बांधावा.

राहिला संध्याकाळचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्लॉरेन्सला मुक्काम करून दररोज बाहेर जाणाऱ्याच्या मनात एक रुखरुख कायम राहते. उफ्फीझी हे चित्रसंग्रहालय पूर्ण पाहून झालेले नसते, सान मार्को मठातल्या खोल्याखोल्यांतून फ्रा आंजेलिकोने रंगवलेली चित्रे राहिलेली असतात, मासाच्चोने रंगवलेले ब्रांकाच्ची प्रार्थनागृह नदीपलीकडे वाट पाहत असते, आणि आपण मात्र सकाळी सकाळी पिसाच्या गाडीत बसलेलो असतो. संध्याकाळी परतावे तर यांतली बहुतेक दारे बंद झालेली असतात. सिन्योरिया चौकातल्या कमानींखाली चेल्लिनीचा पर्सियसचा पुतळा रात्रीही उघड्यावर पाहता येतो, ही त्या शहराची थोर कृपा आहे. पण तेवढ्याने मन भरत नाही. इतके श्रीमंत शहर फक्त झोपण्यासाठी वापरणे मला त्याच्यावर अन्याय केल्यासारखे वाटते.

बोलोन्याचे वैभव परतणाऱ्या माणसासाठी उघडे असते. त्या शहरात मिळून सुमारे ६२ किलोमीटरांचे कमानीदार आच्छादित पदपथ आहेत, ज्यांना २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. स्टेशनाजवळून निघणाऱ्या इंदिपेन्देन्झा रस्त्याने पावसात छत्री न उघडता मुख्य चौकापर्यंत चालत जाता येते. दिवसभर पाहिलेल्या गोष्टींबद्दल बोलत या कमानींखालून चालणे हीच तिथली संध्याकाळ असते, आणि ती कुठल्याही तिकीटखिडकीच्या वेळेने संपत नाही. हे विद्यार्थ्यांचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ सालची मानली जाते, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत रस्ते जागे असतात आणि उशिराच्या गाडीने एकटे परतणाऱ्यालाही अवघडल्यासारखे होत नाही. बोलोन्याची एक अडचण मान्य करावी लागते. मोठ्या व्यापारी प्रदर्शनांच्या काळात, विशेषतः वसंतात, खोल्या मिळेनाशा होतात, म्हणून तारखा ठरवण्याआधी प्रदर्शनांचे वेळापत्रक पाहावे. उन्हाळ्यात मैदानातली हवाही दमट आणि जड असते, पण आर्नोच्या खोऱ्यातला उन्हाळा काही त्याहून सौम्य नाही.

आज ही दोन शहरे एकमेकांच्या इतकी जवळ आली आहेत, की कुणी विचारेल, एकीकडे राहून दुसरे दिवसात का पाहू नये? १८६४ मध्ये पोर्रेत्तामार्गे पहिला रेल्वेमार्ग वळणे घेत पर्वत ओलांडून गेला, १९३४ मध्ये साडेअठरा किलोमीटरांच्या बोगद्याने तो प्रवास आखूड केला, आणि २००९ मध्ये सुरू झालेला वेगवान मार्ग तर सुमारे ७८ किलोमीटरांपैकी ७० हून अधिक किलोमीटर जमिनीखालूनच जातो. चाळीस मिनिटांच्या आत आपण पलीकडे असतो. फ्लॉरेन्सहून एका दिवसासाठी बोलोन्याला येणे ठीक आहे, कारण सान पेत्रोनिओ चर्चमधली खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीने १६५५ मध्ये आखलेली मध्यान्हरेषा (भर दुपारी सूर्याचा कवडसा जिच्यावर पडतो ती जमिनीवरची रेषा) आणि आर्किजिन्नासिओ या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतले लाकडी शवविच्छेदनगृह हे एका दिवसात नीट पाहून होते. उलट बोलोन्याहून फ्लॉरेन्सला एका दिवसासाठी जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्या दिवसाचा निम्मा भाग रांगांत जातो, आणि उरलेल्या भागात ब्रुनेलेस्कीचा घुमट आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड यांच्यापुढून आपण धावत जातो.

म्हणून आठवडा हाती असेल तर मी पहिले तीन दिवस फ्लॉरेन्सला देतो आणि त्या तीन दिवसांत शहराबाहेर पडत नाही. फार तर संध्याकाळी बसने फिएसोलेच्या टेकडीवर जातो. मग सामान घेऊन बोलोन्याला येतो आणि तिथून रावेन्ना, फेरारा, मोदेना-पार्मा असे दिवस काढतो. लुक्का आणि पिसा यांचा त्रिकोण ज्याला हवाच असेल, त्याने फ्लॉरेन्समध्ये एक दिवस वाढवावा. सिएनासाठी मात्र दोन्हींपैकी कुठलेही शहर मुक्कामाला धरू नये. एक रात्र वेगळी काढून सिएनातच राहावे.